डेव्हिड व्हिला: स्पेनसाठी सर्वाधिक गोल करणाऱ्या आघाडीपटूच्या कारकिर्दीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२००८ ते २०१२ या काळातील स्पेनच्या संघाविषयी बोलताना मध्यरक्षक चावी आणि इनिएस्टा यांची नावे सर्वात आधी निघतात, आणि ती निघायलाच हवीत. मात्र चेंडू कितीही वेळ स्वतःकडे राखला तरी सामन्याचा निकाल गोलांवर ठरतो, आणि २०१० च्या विश्वचषकात स्पेनच्या गोलांचा भार एका माणसाने वाहिला होता. तो माणूस म्हणजे डेव्हिड व्हिला. विश्वविजेत्या संघातील त्याचा वाटा जितका मोठा, तितकी त्याची आठवण काढली जात नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. त्याच्या कारकिर्दीविषयी पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

डेव्हिड व्हिलाची थोडक्यात ओळख काय?

व्हिलाचा जन्म ३ डिसेंबर १९८१ रोजी उत्तर स्पेनमधील आस्तुरियास प्रांतात, लांग्रेओ भागातील तुइया या गावी झाला. हा सारा परिसर कोळशाच्या खाणींचा आहे आणि व्हिलाचे वडीलही खाण कामगार होते. स्पोर्टिंग खिखोन, रिअल झारागोझा, व्हॅलेन्सिया, बार्सिलोना आणि अॅटलेटिको माद्रिद या स्पॅनिश क्लबांकडून, त्यानंतर मेलबर्न सिटी, न्यूयॉर्क सिटी आणि जपानच्या विसेल कोबेकडून खेळून त्याने जानेवारी २०२० मध्ये निवृत्ती घेतली. स्पेनच्या पुरुष संघासाठी त्याने ९८ सामन्यांत ५९ गोल केले असून तो आजही त्या संघाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू आहे. विश्वचषक स्पर्धांतील त्याचे ९ गोल हाही स्पेनसाठीचा विक्रमच आहे. चाहते त्याला ‘एल ग्वाखे’ म्हणत, म्हणजे आस्तुरियासच्या बोलीत ‘पोरगा’; वयाने मोठ्या खेळाडूंमध्ये तो लहानपणापासून खेळत असल्यामुळे हे नाव पडले आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत टिकले.

तो दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने फटका कसा मारत असे?

या प्रश्नाचे उत्तर त्याच्या बालपणातील एका अपघातात आहे. व्हिला चार वर्षांचा असताना त्याच्या उजव्या मांडीचे हाड मोडले. पाय बराच काळ प्लास्टरमध्ये होता आणि तो पूर्ववत होईल की नाही, याविषयी घरच्यांना धास्ती होती. त्या दिवसांत वडील त्याला उभे करून पुन्हा पुन्हा चेंडू टाकत आणि तो डाव्या पायाने मारायला लावत. मूळचा उजव्या पायाचा हा मुलगा बरा होऊन मैदानावर परतला तेव्हा त्याचा डावा पायही तयार झालेला होता.

याचा प्रत्यक्ष फायदा काय, हे बचावपटूच्या बाजूने पाहिले की नीट कळते. आघाडीपटूचा एकच पाय धोकादायक असेल तर त्याला दुसऱ्या बाजूला ढकलत न्यायचे, हे बचावाचे जुने आणि भरवशाचे तंत्र आहे. व्हिलाच्या बाबतीत ते लागू पडत नसे. तो डावीकडून आत वळून उजव्या पायाने मारू शकत असे आणि बाहेरच्या बाजूला सरकून डाव्या पायानेही तितक्याच जोरात मारू शकत असे. त्यामुळे बचावपटूला अंदाज बांधण्याऐवजी थांबून वाट पाहावी लागे, आणि गोलसमोर थांबून वाट पाहणे म्हणजे अर्धा क्षण गमावणे. उंचीने आणि बांध्याने साधारण असलेल्या खेळाडूला तो अर्धा क्षण पुरेसा होता.

मोठ्या क्लबांनी त्याला लहानपणीच का हेरले नाही?

आस्तुरियासमधील रिअल ओव्हिएडोने त्याला घेण्यास नकार दिला होता. तो लांग्रेओच्या स्थानिक क्लबकडून खेळत राहिला आणि तेथून ओव्हिएडोच्या कट्टर प्रतिस्पर्धी स्पोर्टिंग खिखोनच्या ‘मारेओ’ या प्रशिक्षण केंद्रात दाखल झाला. स्पोर्टिंग तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. २००१-०२ आणि २००२-०३ या दोन हंगामांत मिळून व्हिलाने तेथे लीगमध्ये ३८ गोल केले. क्लब आर्थिक संकटात सापडलेला असल्याने २००३ मध्ये त्याला विकण्यावाचून पर्याय उरला नाही.

झारागोझातील दोन वर्षांचे महत्त्व काय?

दुसऱ्या श्रेणीत गोलांचा पाऊस पाडणारे अनेक खेळाडू ला लीगामध्ये, म्हणजे स्पेनच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये, आल्यावर दिसेनासे होतात, म्हणून ही दोन वर्षे निर्णायक होती. व्हिलाने पहिल्याच हंगामात लीगमध्ये १७ गोल केले. सेव्हिल्लाविरुद्धच्या ४-४ अशा बरोबरीच्या सामन्यात झारागोझाचे चारही गोल त्याचे होते. १७ मार्च २००४ रोजी बार्सिलोनातील मॉन्टजुइक येथे कोपा डेल रे अर्थात किंग्ज कपचा अंतिम सामना झाला. समोर झिदान, फिगो, बेकहॅम, राऊल आणि रॉबेर्टो कार्लोस यांचा रिअल माद्रिद होता, तर झारागोझा त्याच हंगामात पहिल्या श्रेणीत परतलेला संघ होता. व्हिलाने पेनल्टीवर एक गोल केला आणि जादा वेळेत गॅलेट्टीच्या गोलमुळे झारागोझाने ३-२ असा विजय मिळवला. फेब्रुवारी २००५ मध्ये सॅन मारिनोविरुद्ध त्याला राष्ट्रीय संघाकडून पहिला सामना खेळायला मिळाला, तो याच कामगिरीच्या बळावर.

व्हॅलेन्सियातील पाच वर्षे त्याच्या कारकिर्दीतील सर्वोत्तम मानावीत का?

क्लब पातळीवर तरी तसेच मानावे लागेल. बार्सिलोनात त्याला अधिक करंडक मिळाले, पण व्हॅलेन्सियात संघाचा सारा खेळ त्याच्याभोवती फिरत होता आणि त्याचा कस तेथे लागला.

२००५ च्या उन्हाळ्यात सुमारे १ कोटी २० लाख युरोंना तो व्हॅलेन्सियात आला आणि पहिल्या हंगामात लीगमध्ये २५ गोल केले. बार्सिलोनाचा सॅम्युएल एटो २६ गोलांसह पहिला आला. म्हणजे सर्वाधिक गोलांसाठीचा ‘पिचिची’ पुरस्कार केवळ एका गोलने हुकला. त्या हंगामातील एप्रिल महिन्यात अॅथलेटिक बिल्बाओविरुद्ध त्यांच्या सॅन मामेस या मैदानावर त्याने ८० ते ८५ या मिनिटांच्या दरम्यान हॅटट्रिक पूर्ण केली. ऐंशी मिनिटे गोलशून्य असलेला सामना पाच मिनिटांत ३-० झाला. डेपोर्टिव्होविरुद्ध तर त्याने जवळपास मैदानाच्या मध्यावरून, गोलरक्षक पुढे आलेला पाहून थेट गोल केला होता. असे फटके नशिबाने लागतात असे म्हटले जाते, पण व्हिलाने ते वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या संघांकडून खेळताना लगावले. गोलरक्षक कुठे उभा आहे हे चेंडू येण्यापूर्वीच पाहून ठेवण्याची त्याची सवय त्यामागे होती.

२००७-०८ हा व्हॅलेन्सियासाठी विचित्र हंगाम होता. प्रशिक्षक बदलले, रोनाल्ड कोमन यांच्या कार्यकाळात लीगमध्ये संघाची घसरण झाली, ज्येष्ठ खेळाडूंना बाजूला सारल्यामुळे वातावरण बिघडले, आणि तरीही त्याच संघाने अंतिम सामन्यात गेटाफेला ३-१ असे हरवून किंग्ज कप जिंकला. पुढच्या वर्षी व्हिलाने लीगमध्ये २८ गोल केले, जे त्याच्या कारकिर्दीतील सर्वाधिक. पण त्या वर्षी दिएगो फोर्लानने ३२ आणि एटोने ३० गोल केले. पिचिची पुरस्कार त्याला अखेरपर्यंत मिळाला नाही, ही त्याच्या कारकिर्दीतील खरीखुरी उणीव आहे.

त्याच सुमारास क्लबवरचे कर्ज इतके वाढले की नव्या स्टेडियमचे बांधकाम अर्ध्यावर थांबले. २००९ मध्ये मोठे क्लब व्हिलाच्या मागे होते, तरीही तो आणखी एक हंगाम थांबला आणि २१ गोल करून व्हॅलेन्सियाला तिसऱ्या स्थानावर नेण्यात त्याने मोलाचा वाटा उचलला. २०१० मध्ये बार्सिलोनाने त्याच्यासाठी ४ कोटी युरो मोजले. त्याच उन्हाळ्यात डेव्हिड सिल्वाही मँचेस्टर सिटीला गेला. एका क्लबची दोन वर्षांची कोंडी दोन खेळाडूंच्या विक्रीतून काही अंशी सुटली.

राऊलला वगळल्याचा वाद आणि व्हिला यांचा काय संबंध?

राऊल हा रिअल माद्रिदचा कर्णधार, स्पेनकडून ४४ गोल केलेला आणि सात क्रमांकाची जर्सी घालणारा खेळाडू होता. २००६ नंतर प्रशिक्षक लुइस अरागोनेस यांनी त्याला संघातून वगळले आणि त्यावरून स्पेनमध्ये जवळपास दोन वर्षे वादळ उठले. माद्रिदमधील वृत्तपत्रांतून आणि चाहत्यांकडून अरागोनेस यांच्यावर सतत टीका होत होती. अशा वातावरणात युरो २००८ मध्ये, म्हणजे युरोपीय देशांच्या अजिंक्यपद स्पर्धेत, सात क्रमांकाची जर्सी व्हिलाच्या अंगावर आली. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्या ओझ्याखाली दबला असता.

स्पर्धेतील पहिल्याच सामन्यात, १० जून २००८ रोजी इन्सब्रुक येथे, व्हिलाने रशियाविरुद्ध हॅटट्रिक केली आणि स्पेनने ४-१ असा विजय मिळवला. चार दिवसांनी स्वीडनविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना भरपाई वेळेत त्याने विजयी गोल केला. इटलीविरुद्धच्या उपांत्यपूर्व फेरीतील पेनल्टी शूटआउटमध्ये स्पेनची पहिली पेनल्टी त्यानेच मारली आणि ती गोलमध्ये गेली. उपांत्य सामन्यात पूर्वार्धातच दुखापत झाल्याने त्याला बाहेर जावे लागले आणि जर्मनीविरुद्धचा अंतिम सामना, जो टोरेसच्या एकमेव गोलवर स्पेनने जिंकला, तो व्हिलाने बाकावर बसून पाहिला. तरीही ४ गोलांसह स्पर्धेतील सर्वाधिक गोल त्याच्याच नावावर राहिले आणि राऊलविषयीचा वाद तेथेच मिटला.

२०१० च्या विश्वचषकात व्हिलाचा नेमका वाटा किती होता?

स्पेनने ती स्पर्धा सात सामन्यांत केवळ ८ गोल करून जिंकली. इतक्या कमी गोलांवर त्यापूर्वी कोणताही संघ विश्वविजेता झालेला नव्हता. त्या ८ पैकी ५ गोल व्हिलाचे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की उपांत्य फेरीत पोहोचेपर्यंत स्पेनने केलेल्या सहा गोलांपैकी पाच त्याने स्वतः केले आणि सहावा, म्हणजे चिलीविरुद्धचा इनिएस्टाचा गोल, त्याच्याच पासवर झाला. उपांत्य सामन्यातील पुयोलचा हेडर आणि अंतिम सामन्यातील इनिएस्टाचा गोल जगाच्या लक्षात राहिले, ते योग्यच आहे. पण त्या दोन सामन्यांपर्यंत संघाला आणले कोणी, हे विसरता कामा नये.

सुरुवात वाईट झाली होती. स्वित्झर्लंडने स्पेनला १-० असे हरवले आणि होंडुरासविरुद्धचा दुसरा सामना जिंकणे अनिवार्य झाले. प्रशिक्षक व्हिसेंट डेल बॉस्क यांनी टोरेसला मध्ये आणि व्हिलाला डावीकडे खेळवले. सतराव्या मिनिटाला व्हिलाने डाव्या बाजूला दोन खेळाडूंच्या मधून चेंडू काढला, आत वळताना तिसऱ्याला चकवले आणि तोल जात असतानाच उजव्या पायाने चेंडू वरच्या कोपऱ्यात मारला. उत्तरार्धात दुसरा गोल करून त्याने २-० असा विजय पक्का केला, मात्र एक पेनल्टी बाहेर मारून हॅटट्रिकची संधीही घालवली. चिलीविरुद्ध गोलरक्षक ब्राव्हो टोरेसला अडवायला पेनल्टी क्षेत्राबाहेर आला. सुटलेला चेंडू डाव्या बाजूला असलेल्या व्हिलाकडे गेला आणि त्याने न थांबवता, डाव्या पायाने, रिकाम्या गोलमध्ये दूरवरून टोलवला. टीव्हीवर हा गोल सोपा वाटतो. पण चेंडू अडवून मग नेम धरायला गेला असता तर बचावपटू परतले असते. पहिल्याच स्पर्शात, कमजोर म्हणता येईल अशा पायाने तो मारणे यातच सगळे कसब होते.

पोर्तुगालविरुद्धच्या सामन्यात ६३ व्या मिनिटाला चावीने टाचेने मागच्या मागे चेंडू सरकवला. व्हिलाचा डाव्या पायाचा फटका गोलरक्षक एदुआर्दोने अडवला, पण परत आलेला चेंडू व्हिलाने लगेच उजव्या पायाने त्याच्या वरून जाळ्यात टाकला. एकाच संधीत दोन पाय, दोन फटके, आणि दोहोंच्या मध्ये विचार करायला सवड नाही. प्लास्टरमधल्या त्या मुलाला वडिलांनी जे शिकवले होते ते याहून स्पष्ट कुठेच दिसत नाही. तो सामना १-० असा संपला.

पॅराग्वेविरुद्धची उपांत्यपूर्व लढत या स्पर्धेतील सर्वात तणावाची होती. स्पेनचा गोलरक्षक कॅसियासने पॅराग्वेच्या कार्दोसोची पेनल्टी अडवली. काही क्षणांतच स्पेनला मिळालेली पेनल्टी झाबी अलोन्सोने गोलमध्ये मारली, पण पंचांनी ती पुन्हा घ्यायला लावली आणि दुसऱ्या वेळी गोलरक्षकाने ती रोखली. ८३ व्या मिनिटाला इनिएस्टा मध्यातून धावत गेला आणि पेड्रोचा फटका खांबाला लागून परतला. चेंडू व्हिलासमोर आला. त्याने मारलेला चेंडू एका खांबाला लागला, गोलरेषेलगत आडवा जाऊन दुसऱ्या खांबाला लागला आणि मग आत गेला. स्पेन पुन्हा १-० असा जिंकला.

जर्मनीविरुद्ध डेल बॉस्क यांनी टोरेसऐवजी पेड्रोला घेतले आणि व्हिलाला मध्ये आणले. अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध त्याला गोलसमोर जवळून एक उत्तम संधी मिळाली होती, पण हायटिंगाच्या पायाला लागून ती वाया गेली. जादा वेळेत टोरेस त्याच्या जागी आला आणि त्यानंतर दहा मिनिटांनी इनिएस्टाने निर्णायक गोल केला.

पाच गोल करूनही त्याला विश्वचषकातील सर्वाधिक गोलांसाठीचा गोल्डन बूट का मिळाला नाही?

थॉमस म्युलर, वेस्ली स्नायडर, दिएगो फोर्लान आणि व्हिला या चौघांचेही प्रत्येकी ५ गोल झाले होते. अशा वेळी गोलसाठी केलेले साहाय्य मोजले जाते. म्युलरचे ३ आणि इतरांचे प्रत्येकी १ असल्याने गोल्डन बूट म्युलरला मिळाला. उरलेल्या तिघांमध्ये व्हिला सर्वात कमी मिनिटे खेळलेला होता, म्हणून सिल्व्हर बूट त्याच्याकडे आला. सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडीत तो फोर्लान आणि स्नायडर यांच्यानंतर तिसरा ठरला.

मेस्सी असताना बार्सिलोनाला व्हिलाची गरज काय होती?

प्रशिक्षक पेप गार्डिओला तेव्हा मेस्सीला मध्यभागी खेळवत, पण नेहमीच्या आघाडीपटूसारखे गोलजवळ नव्हे, तर मागे मध्यरक्षकांच्या रांगेपर्यंत उतरण्याची मोकळीक देऊन. मेस्सी मागे आला की मध्यबचावपटूंसमोर पेच उभा राहत असे: त्याच्यामागे जावे, तर पाठीमागे जागा मोकळी पडते, जागेवर थांबावे, तर मेस्सी वळून चाल करतो. ती मोकळी पडणारी जागा वापरण्यासाठी दोन्ही कडांवरून तिरके आत धावणारे खेळाडू हवे होते, आणि त्यातील डावी बाजू व्हिलाकडे आली. याचा अर्थ असा, की व्हॅलेन्सियाचा मुख्य गोलकर्ता दुसऱ्याच्या खेळासाठी जागा तयार करणारा खेळाडू झाला. त्याने ही भूमिका कुरबुर न करता स्वीकारली आणि तरीही पहिल्या हंगामात लीगमध्ये १८ गोल केले.

२९ नोव्हेंबर २०१० रोजी कॅम्प नोऊ या घरच्या मैदानावर बार्सिलोनाने रिअल माद्रिदला ५-० असे हरवले. उत्तरार्धात काही मिनिटांच्या अंतराने आलेले व्हिलाचे दोन्ही गोल मेस्सीच्या पासवर झाले आणि वर सांगितलेली योजना त्यांत जशीच्या तशी दिसते. २८ मे २०११ रोजी वेम्ब्लीवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध युरोपातील क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना २-१ अशा स्थितीत असताना ६९ व्या मिनिटाला बुस्केट्सने पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर त्याच्याकडे चेंडू दिला. व्हिलाने चेंडू नीट पायाशी घेतला आणि उजव्या पायाने वळवून वरच्या कोपऱ्यात मारला. युनायटेडचा गोलरक्षक व्हॅन डर सार याच्या कारकिर्दीतील तो अखेरचा मोठा सामना होता आणि त्या फटक्यावर तो काहीही करू शकला नाही.

पाय मोडल्याचा त्याच्या कारकिर्दीवर किती परिणाम झाला?

१५ डिसेंबर २०११ रोजी जपानमधील योकोहामा येथे क्लब विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात अल-सादविरुद्ध खेळताना त्याच्या डाव्या नडगीचे हाड मोडले. तो आठ महिने मैदानाबाहेर राहिला आणि युरो २०१२ ला मुकला. त्या स्पर्धेत डेल बॉस्क यांनी अनेकदा एकही निखळ आघाडीपटू न घेता फाब्रेगासला पुढे खेळवले. स्पेनने ती स्पर्धाही जिंकली, त्यामुळे व्हिलाची उणीव भासली नाही असे म्हणणारे आहेत. ते पूर्णपणे पटण्यासारखे नाही, कारण हा प्रयोग करावा लागला यामागे व्हिलाची अनुपस्थिती हेही एक मोठे कारण होते.

ऑगस्ट २०१२ मध्ये रिअल सोसिएदादविरुद्ध परतताच त्याने गोल केला, परंतु सुरुवातीच्या अकरांत त्याची जागा पक्की राहिली नव्हती. पहिल्या पल्ल्याच्या धावेतील तेज थोडे कमी झाले होते. मार्च २०१३ मध्ये एसी मिलानविरुद्ध पहिला सामना ०-२ असा गमावल्यानंतर घरच्या मैदानावर बार्सिलोना ४-० असा जिंकला, त्या रात्री व्हिलाला मध्यभागी खेळवले गेले आणि तिसरा गोल त्याने केला. बार्सिलोनातील त्याच्या शेवटच्या हंगामातील ही सर्वात मोलाची कामगिरी होती.

अॅटलेटिको माद्रिदमधील एकच हंगाम इतका महत्त्वाचा का मानला जातो?

२०१३ मध्ये बार्सिलोनाने त्याला अगदी किरकोळ रकमेत जाऊ दिले. फाल्काव मोनाकोला गेल्याने अॅटलेटिकोला आघाडीपटू हवा होता. स्पॅनिश सुपर कपमध्ये बार्सिलोनाविरुद्ध व्हिलाने गोल करून सुरुवात केली आणि लीगमध्ये १३ गोल केले. प्रशिक्षक सिमिओनी यांच्या संघात दिएगो कोस्टा मुख्य गोलकर्ता होता. व्हिला प्रतिस्पर्ध्यांवर दबाव टाकत, मागे येऊन चेंडू हिसकावत खेळला. अखेरच्या दिवशी, १७ मे २०१४ रोजी, कॅम्प नोऊवर १-१ अशी बरोबरी साधून अॅटलेटिकोने १९९६ नंतर प्रथमच ला लीगा जिंकली. आठवडाभराने लिस्बनमध्ये मात्र चॅम्पियन्स लीगचा करंडक हातातून निसटला. भरपाई वेळेत रिअल माद्रिदच्या रामोसने बरोबरी साधली आणि जादा वेळेत रिअल माद्रिदने ४-१ असा विजय मिळवला.

राष्ट्रीय संघातून त्याने निरोप कसा घेतला?

२५ मार्च २०११ रोजी ग्रानाडा येथे झेक प्रजासत्ताकाविरुद्ध दोन गोल करून त्याने राऊलचा ४४ गोलांचा विक्रम मागे टाकला होता. २०१४ च्या विश्वचषकात पहिल्या दोन सामन्यांत त्याला मैदानावर उतरवलेच नाही आणि ते दोन्ही सामने हरून गतविजेता स्पेन स्पर्धेबाहेर गेला. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या औपचारिक सामन्यात त्याला संधी मिळाली तेव्हा हुआनफ्रानच्या पासवर त्याने टाचेने गोल केला. उत्तरार्धात त्याला बाहेर बोलावल्यावर बाकावर बसून तो रडत असल्याचे साऱ्या जगाने पाहिले. त्याला त्या सामन्याची पूर्ण ९० मिनिटे द्यायला हवी होती, असे आजही वाटते.

तो त्याचा शेवटचा सामना ठरला नाही. अमेरिकेतील कामगिरीमुळे सप्टेंबर २०१७ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्याला पुन्हा बोलावले गेले आणि इटलीविरुद्ध माद्रिदमध्ये अखेरच्या काही मिनिटांसाठी तो मैदानावर आला. प्रेक्षकांनी त्याचे प्रचंड स्वागत केले. हा त्याचा ९८ वा सामना होता.

अमेरिका आणि जपानमध्ये तो केवळ पैशांसाठी गेला का?

आकडे तसे सांगत नाहीत. न्यूयॉर्क सिटी या नव्या क्लबने २०१४ मध्ये सर्वप्रथम करारबद्ध केलेला खेळाडू व्हिला होता. मधल्या काळात ऑस्ट्रेलियातील मेलबर्न सिटीकडून ४ सामने खेळून त्याने २ गोल केले. न्यूयॉर्कच्या कर्णधारपदाच्या चार हंगामांत त्याने साखळी सामन्यांत अनुक्रमे १८, २३, २२ आणि १४ गोल केले आणि २०१६ मध्ये मेजर लीग सॉकरचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच संघात लॅम्पार्ड आणि पिर्लो हेही होते, पण संघाचा कणा व्हिलाच होता.

२०१९ मध्ये तो विसेल कोबेकडे गेला, जेथे इनिएस्टा आधीच खेळत होता. लीगमध्ये १३ गोल केलेल्या त्या हंगामातच त्याने निवृत्ती जाहीर केली. १ जानेवारी २०२० रोजी टोकियोतील नव्या राष्ट्रीय स्टेडियमवर एम्परर्स कपच्या अंतिम सामन्यात काशिमा अँटलर्सला २-० असे हरवून कोबेने क्लबच्या इतिहासातील पहिला मोठा करंडक मिळवला. अखेरच्या क्षणी व्हिला मैदानावर उतरला आणि करंडक उचलूनच निवृत्त झाला.

तो भारतातील एखाद्या क्लबकडून खेळला आहे का?

नाही. निवृत्तीनंतर २०२१ मध्ये ओडिशा एफसीच्या फुटबॉलविषयक कामाशी तो सल्लागाराच्या नात्याने जोडला गेला, एवढाच त्याचा भारताशी थेट संबंध. गोव्यातील वाचकांच्या मनात स्पॅनिश आघाडीपटू म्हटले की एफसी गोवाचा फेरान कोरोमिनास येतो. इंडियन सुपर लीगमध्ये सलग दोन हंगाम गोल्डन बूट पटकावणारा ‘कोरो’ आणि व्हिला हे वेगळे खेळाडू असले, तरी ला लीगाच्या एकाच कालखंडातून ते आले आहेत.

व्हिलाचा खेळ समजून घ्यायचा असेल तर कोणते सामने पाहावेत?

सर्वप्रथम २०१० चा पोर्तुगालविरुद्धचा सामना पूर्ण पाहावा, केवळ गोल नव्हे. चेंडू उजवीकडे असताना डाव्या कडेला व्हिला काय करतो, शेवटच्या बचावपटूच्या खांद्याआड कसा उभा राहतो आणि चावीने मान वर करताच कधी पाऊल टाकतो, हे पाहण्यासारखे आहे. त्यानंतर २०१० चा ५-० चा एल क्लासिको, म्हणजे बार्सिलोना-रिअल माद्रिद लढत, आणि युरो २००८ मधील रशियाविरुद्धचा पहिला सामना पाहावा. वेळ कमी असेल तर बिल्बाओविरुद्धची पाच मिनिटे तरी चुकवू नयेत.